आबाचे पंधरा दिवस

आमच्या घरात येणारा प्रत्येक जण जायची तारीख ठरवूनच येतो. जूनमध्ये टेम्पोतून ट्रंका, गाद्या, बादल्या उतरतात. बाप खोली बघतो आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारतो. आई माझ्या स्वयंपाकघरात डोकावते, दोन डब्यांची झाकणं उचलून बघते आणि जाता जाता हळूच सांगते, "वांगं खात नाही हो तो, पण तुम्ही द्या." त्यानंतर दोन वर्षं ते पोरगं माझ्या हातचं खातं. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी डॉक्टरकीच्या प्रवेशाची, नीटची परीक्षा होते आणि मंगळवारपर्यंत तसाच एक टेम्पो परत दारात उभा असतो. वरच्या दोन खोल्यांत चार पोरं आणि बाहेर जाणारे सोळा डबे, असा माझा अठरा वर्षांचा संसार. लातूर पॅटर्न म्हणतात तो तुम्ही पेपरात वाचलाय. आमच्या गल्लीत तो जिन्याखालच्या चपलांच्या ढिगात बघायला मिळतो.

म्हणून दिवाळीनंतरच्या आठवड्यात फोन आला, "काकू, एक म्हातारं कुत्रं आहे, पंधरा दिवस ठेवाल का, फॉस्टर म्हणून?" तेव्हा मला त्यात अवघड काही वाटलं नाही. फोन करणारा पोरगा माझ्याकडेच दोन वर्षं जेवलेला. आता तो आणि त्याचे चार-पाच मित्र रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांचं बघतात. दोन-दोन वर्षं लोकांची लेकरं ठेवून घेणारी बाई मी, पंधरा दिवसांचं काय एवढं? माझ्या आईनं मात्र भाकरी थापता थापता विचारलं, "फास्टर म्हणजे?"

"म्हणजे आपण सांभाळायचं. त्याला घर मिळेपर्यंत."

"मग हे काय हाय? घर न्हाई?"

तो आला तो कुलरच्या खोक्यात. पांढरा पामेरियन, म्हणजे एके काळी पांढरा. आता धुवट धोतरावर चहा सांडल्यासारखा. वीस-पंचवीस वर्षांमागं नोकरदारांच्या कॉलन्यांमध्ये दर चार घरांमागं असा एक असायचा, गेटच्या जाळीतून सायकलवाल्यावर भुंकणारा. मग लोकांना मोठ्या जातींची हौस आली. हा हरंगुळच्या पुढं बार्शी रस्त्याच्या कडेला, बंद टपरीखाली सापडला होता. गळ्याभोवती केस दबून गोल खूण पडलेली, पट्टा मात्र नाही. पोरांनी फोटो सगळीकडे टाकले, दहा दिवस वाट बघितली. दिवाळीच्या फटाक्यांना भिऊन कुत्री घर सोडून पळतात आणि त्यांना शोधत माणसं येतातही. याला शोधत कोणी आलं नाही.

खोक्यातून बाहेर येऊन तो अंगणात उभा राहिला, दोनदा घसा खाकरला आणि पाराजवळ बसतात तसा तुळशीच्या कट्ट्याला पाठ लावून बसला. वरच्या एका पोरानं जिन्यातूनच म्हटलं, "आबा आले." तेच नाव पडलं. आईला ते चाललं नाही. तिच्या थोरल्या दिराला सगळे आबा म्हणायचे आणि दीर जाऊन वर्षं झाली तरी कुत्र्याला त्यांचं नाव म्हणजे काय? ती त्याला "ते म्हातारं" म्हणत राहिली.

डॉक्टरांनी दातांवरून वय बारा-तेरा काढलं. लहान चणीची कुत्री सावकाश म्हातारी होतात, मोठी लवकर. त्यामुळे एका वर्षाला सात धरायचा सरसकट हिशेब चुकीचा, असं त्यांनीच सांगितलं. माणसात धरला तर सत्तरीच्या आसपास. डोळ्यांवर निळसर झाक होती, मला वाटलं मोतीबिंदू. ते म्हणाले, "वयानं भिंग घट्ट झालंय फक्त. दिसतं त्याला, सुई ओवायला सांगू नका म्हणजे झालं." बारीक आवाज कानात शिरत नव्हते, जाड ठोक्याचे शिरत होते. मग त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ बोलेचनात.

हृदयातून येणारा जादाचा आवाज सहा पायऱ्यांत मोजतात, आबाचा चौथ्या पायरीचा होता. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप वयानं जाड होते, नीट मिटत नाही. रक्त पुढं जायच्या ऐवजी थोडं मागं गळतं. हृदय मग फुगत जातं आणि पुढं पुढं फुफ्फुसात पाणी साठायला लागतं. लहान जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये हे फार दिसतं. घसा खाकरल्यासारखा तो खोकला त्यातलाच. आईचं निदान पहिल्याच दिवशी "हाड अडकलंय" असं झालं होतं आणि शेजारच्या वहिनींनी तापाची आपली नेहमीची गोळी पाव करून द्यायला सांगितली होती. ती कुत्र्याला विष ठरू शकते हे मला माहीत नव्हतं. वहिनींना तर मुळीच नव्हतं, त्या मायेनंच सांगत होत्या.

गोळ्या दोन. एक पिमोबेंडान, हृदयाचा जोर वाढवणारी; ती जेवणाआधी तासभर, रिकाम्या पोटी. ती पुण्याहून पार्सलनं येते आणि एका डब्याच्या महिन्याच्या पैशात मावते. दुसरी फ्युरोसेमाइड, अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी. ही चिठ्ठी घेऊन मी मेडिकलवर गेले तर दुकानदारानं न बघताच पाकीट पुढं केलं, "आजींची ना?" आईला दोन वर्षांपासून तीच गोळी आहे. मात्रा वेगळी, डॉक्टर वेगळे, पण गोळी तीच. घरी येऊन मी हे सांगायला नको होतं. आईनं आपलं पाकीट देवघरातल्या फडताळात हलवलं. कुत्र्याच्या गोळ्यांत मिसळलं तर काय घ्या.

आता या गोळीची गंमत अशी की ती खाल्लेल्याला सारखी लघवी होते आणि सारखी तहान लागते. रात्री दोनदा उठून दार उघडायचं. त्यावर कोणालाही सुचेल तो उपाय मलाही सुचला, रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवायचा. डॉक्टरांनी तेवढ्या एका गोष्टीवर मला दटावलं. पाणी कधीही तोडायचं नाही, मूत्रपिंडं जातील. भांडं चोवीस तास भरलेलं पाहिजे.

लातूरच्या बाईला हे सांगायचं म्हणजे! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं आमच्या गावाला. पहिल्या खेपेला दहा डब्यांत पाच लाख लिटर. ती गाडी बघायला स्टेशनवर गर्दी झाली होती. त्या उन्हाळ्यात आम्ही पोरांना अंघोळीची बादली मापून देत होतो, भांडी आधी राखेनं कोरडी घासत होतो आणि तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, तुळशीचं खाली झिरपलेलं परत जास्वंदीला. ती सवय अजून अंगात आहे. पेल्यात कोणी दोन घोट ठेवून उठलं तर माझा हात आपोआप पुढं होतो. आणि इथं आबा वाडगंच्या वाडगं पाणी पितो, अर्धं मिशीवरून फरशीवर सांडतो, दहा मिनिटांत जास्वंदीच्या बुंध्याशी नेऊन ओततो आणि परत येऊन पितो. पहिला आठवडा मला तो पाणी पितानाचा आवाज ऐकवत नव्हता. मग लक्षात आलं की जास्वंदीचं पाणी मी वेगळं घालायचं बंद केलंय.

खाण्याचं त्याहून अवघड. दुकानातले कुत्र्याचे दाणे त्यानं हुंगून सोडून दिले. ज्वारीची भाकरी कुस्करून, वर पातळ दूध, तेही कोणी शेजारी बसलं तरच. बसलेलं माणूस उठलं की खाणं थांबतं, मान वर होते. मीठ बंद, म्हणजे पापड, लोणचं, ठेचा लागलेला घासही नाही. द्राक्षं तर चुकूनही नाही, ती कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना बाधतात. तूप मी स्वतःच बंद केलं, कारण एकदा दिलं आणि दोन दिवस अंगण धुवावं लागलं. यावर आईचं म्हणणं असं की नर्सी आपल्यापासून काय लांब आहे? नामदेवाची पोळी कुत्र्यानं पळवली तर तो तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं पळाला, "कोरडी खाऊ नको बाबा" म्हणत. आणि तू घरात तूप असून कोरडी घालतेस! मी म्हटलं, "नामदेवाच्या कुत्र्याचं पोट धड होतं." ती म्हणाली, "तुला काय माहीत?" खरंच, मला काय माहीत?

पण मला सांगायचंय ते त्याच्या खोड्यांबद्दल. खोड्या तरी कशा म्हणू?

आबा स्वयंपाकघरात येत नाही. पहिल्या दिवशी मी भाकऱ्या करत होते, तो वासानं आला आणि उंबऱ्याशी थांबला. पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या अलीकडे नीट जुळवून बसला. मी आतून भाकरीचा तुकडा दाखवला. शेपूट हलली, लाळ गळली, पाय हलला नाही. आई जपमाळ घेऊन बसली होती ती म्हणाली, "कडक बाईच्या घरातलं हाय हे. सैपाकघरात येऊ दिलेलं न्हाई तेला."

त्या दिवसापासून आमच्याकडे हा उद्योग सुरू झाला. वरची पोरं वहीच्या मागं प्रश्न-उत्तरं लिहितात तसं आम्ही दोघी आबाच्या एकेका खोडीवरून त्याचं मागचं घर लावत बसलो. आई यात माझ्याहून हुशार निघाली. तिनं आयुष्यभर गाई-बैलं बघितलेली. नवीन बैल आणला की तो आधी कोणत्या बाजूला जुंपला जायचा हे ती त्याच्या चालीवरून सांगायची.

काठी उचलली, झाडू उचलला, तरी आबा दचकत नाही. म्हणजे मारलेलं नाही. चहात बुडवलेलं बिस्किट दिसलं की उजवा पाय वर करतो, न सांगता. म्हणजे कोणीतरी हे शिकवायला वेळ घालवलाय. चप्पल पळवतो, पण कुरतडत नाही. एकच घेतो, त्यावर हनुवटी ठेवून झोपतो आणि ती पुरुषाचीच लागते. माझ्या, आईच्या चपलेकडे ढुंकून बघत नाही. आमचे हे नोकरीनिमित्त नांदेडला, शनिवारी येतात. शनिवार-रविवार त्यांची चप्पल, एरवी वरच्या पोरांपैकी कोणाची तरी. क्लासला उशीर झालेलं पोरगं एका पायात चप्पल घालून आबाची उशी मागायला येतं, हे दृश्य आता रोजचं.

आणि सव्वासहा. संध्याकाळी सहा-सव्वासहाला आबा गेटपाशी जाऊन उभा राहतो. बसत नाही, उभा राहतो. मागचा पाय अधू आहे तरी. तोंड डावीकडे. आमची गल्ली डावीकडे बंद आहे, तिकडून कोणी येत नाही. येणारे सगळे उजवीकडून येतात. तरी तो डावीकडेच बघतो. वीस मिनिटं, कधी पंचवीस. मग वळून आत येतो आणि पाणी पितो.

"वाट बघलालंय," आई म्हणाली.

"कोणाची?"

"चपलेवाल्याची."

त्या चपलेवाल्याचं वाहन कोणतं, हे कळलं येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी. त्या दिवशी लातूर कसं असतं हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. दुकानांची शटर खाली, रस्त्यावर माणूस नाही, संचारबंदी लागल्यासारखं. अख्खं शहर कोणा ना कोणाच्या शेतात गेलेलं असतं, कडब्याच्या कोपीत पाच पांडवांची पूजा, भज्जी, आंबिल. भाऊ सकाळीच जीप घेऊन आला. आबाला गाडीत घालायला गेलो तर त्याचं अंग इतकं कापायला लागलं की मी हात काढून घेतला. नुसती दार उघडी असलेली गाडी बघून. जीभ जांभळट झाली, खोकला थांबेना. मी म्हटलं, तुम्ही जावा. जन्मात पहिल्यांदा मी येळवशीला घरी राहिले.

दुपारी बारा-एकचा सुमार. वरची पोरंही कोणाकोणाच्या शेतात गेलेली. इतकी शांतता की फ्रिज थांबला की कळायचं. मी अंगणात उन्हाला बसले होते, आबा चपलेवर हनुवटी ठेवून. आणि लांबून, पार रिंगरोडच्या बाजूनं असावा, एका जुन्या स्कूटरचा आवाज आला. ती जुनी, किक मारून सुरू होणारी, थड थड थड करणारी. एरवी दहा रिक्षा आणि पन्नास मोटारसायकलींत तो आवाज हरवतोच. आबा उठला. अधू पायावर घाईनं उठताना एकदा घसरला, परत उठला, गेटपर्यंत गेला आणि शेपूट अशी हलायला लागली की सगळं मागचं अंग तिच्यासोबत हलत होतं. आवाज जवळ आला, मग चौकातून वळून दूर गेला. तो हलवत राहिला, आवाज संपल्यावरही बराच वेळ.

संध्याकाळी आई भज्जीचं पातेलं घेऊन परतली तेव्हा मी तिला सांगितलं. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि पायावर पाणी घेता घेता सगळं मांडून दाखवलं. नोकरदार माणूस. सव्वासहाला स्कूटरवर घरी. घर अशा बोळात की तो डावीकडूनच येणार. बायको कडक, पण उपाशी ठेवणारी नव्हे. माणूस शेजारी बसून खायला घालायचा, चहात बिस्किट बुडवून द्यायचा.

"मग?"

"मग काय. माणूस गेला. मागच्यांनी गाडीत घालून आणून सोडलं."

फटाक्यांना घाबरून पळालेला असेल, असं पोरं अजून म्हणतात. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडेल. पण पळालेल्या कुत्र्याचा पट्टा गळ्यात असतो.

तेव्हापासून मला एक वाईट सवय लागली. डबे पोचवायला जाताना मी बोळाबोळांत बघायला लागले. कुठल्या अंगणात बंद पडलेली स्कूटर आहे का, कापड घालून ठेवलेली. एका घरासमोर दिसलीही. त्या घरी माझे दोन डबे जातात, भाडेकरू पोरांचे. दारात मालकीणबाई गहू निवडत बसल्या होत्या. मी दोन पावलं पुढं गेले आणि परत फिरले. काय विचारणार होते? आणि त्या हो म्हणाल्या असत्या तर काय करणार होते? बऱ्याच दिवसांनी कळलं की ती स्कूटर त्यांच्या भावाची होती आणि तो रोज चालवायचा.

राग मात्र मनात होता. रोज रात्री दोनला उठून दार उघडताना मी त्या न बघितलेल्या माणसांना शिव्या घालायची. एवढं शिकवलेलं, एवढं माणसाळलेलं जनावर, त्याला रस्त्यावर सोडताना हात कसा उचलला? पोरांसमोरही एकदा बोलून गेले. आई तेव्हा काही बोलली नाही.

जानेवारीत डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढून घ्यायला सांगितला. उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचं ठरलं. लातूरपासून साठ-पासष्ट किलोमीटर, दीड तास. मी मांडीवर घेऊन बसले, भिजवलेला टॉवेल पायांना लावत राहिले, कारण कुत्र्याला घाम येतो तो पायाच्या तळव्यांना तेवढा, बाकी बहुतेक उष्णता धापा टाकून बाहेर जाते. तो दीड तास कापत होता. तिथं टेबलावर मात्र शहाण्यासारखा राहिला, सुई टोचली तरी हूं नाही. एक्स-रेत हृदय फुग्यासारखं दिसलं, श्वासनलिका वर ढकलली गेलेली. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. घरासमोर गाडी थांबली, मी त्याला खाली ठेवलं. तो गेटपाशी गेला, गेटचा खालचा गज हुंगला, तुळशीचा कट्टा हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि तिथंच आडवा झाला. झोपला. पाणीसुद्धा न पिता. आपल्याला परत आणलंय, यावर त्याचा विश्वास बसायला तेवढा वेळ लागला असावा.

फेब्रुवारीत त्या पोरांचा फोन. पुण्यात घर मिळालं होतं. नवरा-बायको, दोघंही निवृत्त, आधी एक म्हातारं कुत्रं शेवटपर्यंत सांभाळलेलं, हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना दहा मिनिटांवर. व्हिडिओवर बोलले. चांगली माणसं. आबाच्या गोळ्यांच्या वेळा त्यांनी वहीत लिहून घेतल्या, मला एकाही गोष्टीवर बोट ठेवता आलं नाही. माझ्याकडे सोळा डबे, चार पोरं, ऐंशी ओलांडलेली आई आणि ठरावीक दिवसांनी येणारा नळ. त्यांच्याकडे सगळं. फॉस्टर म्हणजे हेच, घर मिळेपर्यंत. घर मिळालं होतं. पंधरा दिवसांचे शंभर झाले होते. मी "कळवते" म्हटलं आणि चार दिवस कळवलं नाही.

पाचव्या दिवशी रात्री आई अंथरुणावर बसून म्हणाली, "तेला गाडीत चढवायचं न्हाई."

मी म्हटलं, पुण्याला नेताना झोपेचं औषध देतात, डॉक्टर देतील, एवढं काही—

"बैलं बी चढत नव्हती."

ती बैलजोडी मला माहीत होती. देवणी, एक पांढरा, एक काळ्या ठिपक्यांचा. पाण्याची गाडी आली त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात वडिलांनी ती हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नेऊन विकली. कडबा संपलेला, बोअर आटलेला, चाऱ्याची छावणी लांब. त्या वर्षी सगळेच विकत होते, त्यामुळे भाव मातीमोल. एवढं मला फोनवर कळलं होतं. मी तेव्हा इथं बादल्या मोजत होते. आईनं त्या रात्री पहिल्यांदा पुढचं सांगितलं. टेम्पोला फळी लावली तरी पांढरा चढेना. चौघांनी ढकलला, शेपूट पिरगाळली. शेवटी वडील स्वतः आधी टेम्पोत चढले आणि आतून त्याला नावानं हाक मारली. तेव्हा चढला.

"तुझ्या बापानं नंतर कोणाला नावानं हाक मारली न्हाई लई दिवस," ती म्हणाली आणि पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड केलं.

मी सकाळी पोरांना फोन केला. त्यांच्या यादीत आबाच्या नावापुढं अजूनही "तात्पुरता" असंच लिहिलेलं आहे, मीच बदलू नका म्हटलं. पुण्याच्या त्या दोघांनी दुसरं एक म्हातारं कुत्रं नेलं, तीन पायांचं. त्याचे फोटो मला येतात.

मागच्या घरच्या लोकांबद्दल मी आता काही बोलत नाही. माफ केलं असंही नाही.

श्वासाचं सांगायचं राहिलं. हृदयाचा रोगी असलेल्या कुत्र्याचे श्वास तो गाढ झोपेत असताना मोजायचे असतात, छाती वर-खाली झाली की एक. मिनिटाला तिसाच्या आत असले तर ठीक. सतत तिसाच्या वर जायला लागले तर फुफ्फुसात पाणी भरतंय, लगेच फोन करायचा. जागेपणी मोजून उपयोग नाही, उन्हाळ्यात तर तो धापाच टाकत असतो. मी दिवसभराच्या कामानं दहाला आडवी होते ती मेल्यासारखी. हे काम वरच्या किनवटच्या पोरानं स्वतःहून घेतलं. तो रात्री दीडपर्यंत खाली ओसरीत अभ्यास करायचा, वर बाकीची बोलतात म्हणून. जीवशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानांवर त्यानं रकाने आखले. तारीख, वेळ, आकडा. चोवीस, बावीस, सव्वीस. झडप म्हणजे काय हे त्यानंच एकदा आईला वहीत चित्र काढून समजावून सांगितलं, डावी बाजू, दोन पाळ्यांची. आईनं चित्र लांब धरून बघितलं आणि विचारलं, "माझी कोणती खराब हाय?" पोरगं गडबडलं. मग त्यानं तिचा रिपोर्ट मागून घेतला, वाचला आणि म्हणाला, "आजी, तुमची झडप बरी आहे, पंप थकलाय." हे उत्तर तिला आवडलं, अजून सगळ्यांना सांगते.

मार्चच्या शेवटी एका रात्री त्यानं माझं दार वाजवलं. "काकू, अडतीस आहेत. तीनदा मोजले." आबा झोपलेला नव्हताच आता, मान पुढं ताणून, कोपरं बाहेर काढून उभा होता, आडवं होता येत नव्हतं त्याला. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फ्युरोसेमाइडचा जास्तीचा डोस किती तो सांगितला, पंखा जवळ लावायला सांगितला, उचलू नका, घाबरवू नका म्हणाले, पहाटेपर्यंत उतरलं नाही तर आणा. आणा म्हणजे गाडीत. चारही पोरं जिन्यात येऊन बसली, दुसऱ्या दिवशी त्यांची टेस्ट होती. आई दारात उभी राहून म्हणाली, "पाणी ठेवा तेच्यापुढं." गोळी लागू पडली की नाही हे जास्वंदीपाशी कळायचं होतं. चाळीस मिनिटांनी तो तिकडं गेला. मग परत गेला. चारला आडवा झाला. पोरानं मोजले, एकतीस. पाचला सत्तावीस. त्या टेस्टमध्ये त्याला कमी मार्क पडले, ते मी त्याच्या आईला सांगितलेलं नाही.

या मे महिन्यात परीक्षा झाली. मंगळवारी त्याचा मामा जीप घेऊन आला. ट्रंका जिन्यावरून उतरायला लागल्या तसा आबा कुलर आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसला, तोंड भिंतीकडे. बोलावून आला नाही. मला आधी कळेना, मग कळलं, सामान गाडीत चढताना बघून त्याला काय वाटलं असेल ते. पोरगं फरशीवर पालथं पडलं, फटीत हात घालून त्याच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ पडून राहिलं. जाताना वही माझ्या हातात दिली. नुसती शेवटची पानं फाडून दे म्हटलं तर म्हणाला, "राहू द्या काकू, पुढं पानं आहेत बरीच." एक चप्पल विसरून गेला. विसरला की ठेवली, विचारलं नाही.

सव्वासहाला आबा फटीतून निघाला आणि गेटपाशी जाऊन उभा राहिला. डावीकडे बघत.

त्या रात्री मी गजर लावून बाराला उठले. तो ओसरीत त्या चपलेवर हनुवटी ठेवून झोपला होता. मोबाईलवर मिनिट लावलं आणि उजेड पडू नये म्हणून पदराखाली धरलं. छाती वर, खाली. मध्येच त्याचा पाय स्वप्नात हलला आणि मी चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली. माझं अक्षर त्याच्या अक्षराखाली फार मोठं दिसत होतं.

आतून आईचा आवाज आला, "किती?"

"सव्वीस."

"आबाचं पाणी बघ," ती म्हणाली.

वाडग्यात तळाला थोडंसं होतं. मी भरून ठेवलं.